पंधरा हजार चौरस किलोमीटर आणि साडेपाच हजार माणसे

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, उत्तरेकडील साउथ डकोटाच्या सीमेला लागून, चेरी नावाची एक काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे १५,५६० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपले धुळे आणि नंदुरबार हे दोन्ही जिल्हे तिच्यात मावून वर जागा उरते. २०२० च्या जनगणनेत या एवढ्या मुलखात ५,४५५ माणसे मोजली गेली. खानदेशात आठवडे बाजार भरणाऱ्या एखाद्या मोठ्या गावाची वस्तीही याहून जास्त असते. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे ३६० माणसे होती. चेरी काउंटीत हाच आकडा ०.३५ येतो, म्हणजे फरक जवळजवळ हजार पटींचा आहे.

मी भूगोल शिकवतो. हे आकडे वर्गात फळ्यावर लिहिले की मुले हमखास म्हणतात, "सर, एवढी जमीन नुसती पडून आहे?" दोन-अडीच एकरांच्या वाटणीवरून भावाभावांत कोर्टकचेरी होताना पाहिलेल्या मुलांना हा प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक आहे. पण ती जमीन पडून नाही. तिला जेवढी माणसे पोसता येतात, साधारण तेवढीच तिथे आहेत, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे त्या जमिनीतच आहेत.

चेरी काउंटीचा बहुतेक भाग सँडहिल्स या प्रदेशात येतो. सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या वाळूच्या टेकड्या वाऱ्याने रचलेल्या आहेत आणि त्यांतील काही शंभर मीटरांहून उंच आहेत. मात्र आपल्या डोळ्यांसमोर येते तसे ते वाळवंट नाही, कारण त्या सगळ्या टेकड्यांवर गवत आहे आणि गवताच्या मुळांनीच वाळू जागच्या जागी धरून ठेवली आहे. हे आवरण फाटले, मग ते नांगराने असो, गुरांच्या सततच्या वाटेने असो की आगीने, की वारा त्या जागी वाळू उडवू लागतो आणि टेकडीच्या अंगावर खोलगट खड्डा पडतो. तो वेळीच थांबवला नाही तर वाढत जातो. काळ्या मातीत ढेकूळ फोडायला कष्ट पडतात, तिथे ढेकूळ बनतच नाही, असे सांगितले की मुलांना फरक चटकन कळतो.

पाऊस वर्षाला जेमतेम ५० सेंटीमीटर, म्हणजे आपल्या जळगावपेक्षाही कमी. तरीही पाण्याच्या बाबतीत हा प्रदेश श्रीमंत आहे. वाळूवर पडलेला पाऊस वाहून जात नाही, तो थेट खाली मुरतो, आणि त्याखाली ओगलाला हा प्रचंड भूजलसाठा आहे, ज्याचा सर्वांत जाड थर याच सँडहिल्सखाली सापडतो. दोन टेकड्यांमधल्या सखल भागात भूजल आपोआप वर येऊन शेकडो तळी आणि ओलसर कुरणे तयार झाली आहेत. उन्हाळ्यात या कुरणांतले गवत कापून, वाळवून हिवाळ्यासाठी रचून ठेवतात, आणि दूरच्या टेकड्यांवर गुरांना पाणी मिळावे म्हणून पवनचक्कीने ते हौदात उपसतात. पाणी असूनही जमीन नांगरता येत नाही, म्हणून गवत आणि गवत खाणारी गुरे हाच तिथला संसार झाला. मांसासाठी पाळलेल्या गाईंच्या संख्येत चेरी काउंटी अमेरिकेत अग्रभागी असून तिथे अशा सुमारे दीड लाख गाई आहेत.

माणसे वाढवण्याचा प्रयत्नही तिथे झाला, आणि मला या साऱ्या कहाणीत तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९०४ साली अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, किंकेड कायदा केला. पश्चिम नेब्रास्कात पाच वर्षे राहून जमिनीत सुधारणा करणाऱ्याला ६४० एकर, म्हणजे पूर्ण एक चौरस मैल जमीन देण्याची त्यात तरतूद होती. आपल्याकडे ६४० एकरांत एक अख्खे गाव नांदते. लोक आले, गवताळ मातीचे चौकोनी तुकडे रचून त्यांनी घरे बांधली, आणि झाडे नसल्यामुळे वाळलेले शेण जाळून चूल पेटवली. याच काळात, १९०७ च्या सुमारास, नॉर्थ लूप नदीकाठी डीविटी नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वसाहत उभी राहिली. त्यांतील काही जण गुलामगिरीतून सुटलेले, तर काही अशा आईबापांची मुले होती. १९२० पर्यंत काउंटीची लोकसंख्या अकरा हजारांच्या पुढे गेली. पण तिथे एका गाईला वर्षभरासाठी साधारण पंधरा ते वीस एकर कुरण लागते, म्हणजे ६४० एकरांवर तीस-चाळीस गाईंपेक्षा जास्त पोसता येत नाहीत, आणि तेवढ्यावर कुटुंब चालत नाही. ज्यांनी नांगर धरला त्यांची वाळू उडाली. एकेक जण जमीन शेजाऱ्याला विकून निघून गेला, रँच, म्हणजे गुरे पाळण्याची मोठी कुरणे, आणखी मोठे होत गेले, आणि १९३० च्या दशकात डीविटीही रिकामी झाली. आजची लोकसंख्या १९२० च्या निम्म्याहून कमी आहे.

उरलेल्या माणसांपैकी जवळजवळ निम्मी व्हॅलेंटाईन या मुख्य गावात राहतात. बाकीची विखुरलेली आहेत, आणि काउंटी एवढी रुंद आहे की तिच्या पूर्व आणि पश्चिम भागांच्या घड्याळांत एका तासाचा फरक असतो. दीड-पावणेदोनशे वस्तीच्या कोडी या खेड्यात किराणा दुकान उरले नव्हते, तेव्हा शाळेतील मुलांनी पुढाकार घेतला, पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंती असलेली इमारत उभी राहिली आणि २०१३ पासून तिथे दुकान सुरू झाले. हिशेब, मालाची मागणी, गल्ला हे सारे विद्यार्थी शिकता शिकता सांभाळू लागले. ज्या गावात माणसे कमी असतात तिथे सोळा वर्षांच्या मुलाचाही गावगाड्यात वाटा असतो, हे मला मनापासून आवडले. उत्तरेला सीमेपलीकडे लाकोटा या मूळ अमेरिकी लोकांचा रोझबड हा राखीव प्रदेश आहे, आणि या टेकड्यांत बायसन या रानटी बैलांच्या मागे शिकारीसाठी फिरणारे त्यांचे पूर्वज तिथे कायमची गावे वसवून राहत नव्हते, हेही वर्गात सांगावे लागते.

यानंतर मी मुलांना सातपुड्याच्या पायथ्याचा नकाशा दाखवतो. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे, आणि सातपुड्यातून उतरणारे पाणी तिथेच जमिनीत मुरते. सँडहिल्समध्ये जे काम वाळू करते तेच काम इथे हा पट्टा करतो. फरक एवढाच की त्याला लागून तापीची कसदार गाळाची माती आहे, त्यामुळे आपण केळी लावू शकलो, गावे दाट झाली, आणि विहिरींच्या जागी बोअर आले. यावल आणि रावेर तालुक्यांत मुरते त्यापेक्षा जास्त पाणी आपण उपसतो आहोत आणि पातळी वर्षानुवर्षे खाली जाते आहे. म्हणून आमच्या मुलांनी आपापल्या गावातील विहिरींची पातळी मे महिन्यात आणि दिवाळीनंतर मोजून वहीत नोंदवावी, असा माझा आग्रह असतो, आणि ज्यांच्या शेतात बोअर आहे त्यांनी तो किती फुटांवर लागला होता हे आजोबांना विचारून त्याच पानावर लिहावे.