गाडीचं का चौक?

सांगलीत रिक्षात बसून नुसतं "स्टेशन" म्हटलं की रिक्षावाला मान वळवून बघतो. "कुठलं काका? गाडीचं का चौक?" हे इतक्यांदा झालंय की आता मी बसतानाच "गाडीचं" म्हणून टाकतो. तरी गेल्या महिन्यात पुण्याहून येणाऱ्या भाच्याला हे सांगायचं राहून गेलं. "स्टेशन चौकात थांब, न्यायला येतो," एवढंच फोनवर बोललो. पोरगा सांगली स्टेशनात उतरला, बाहेर आला आणि समोरच्या मोकळ्या जागेलाच चौक समजून उभा राहिला. मी इकडं वसंतदादांच्या पुतळ्यापाशी स्कूटर लावून.

"मामा, मी स्टेशनाच्या दारातच आहे."

"अरे, मी पण स्टेशन चौकातच आहे की!"

दोघंही खरंच बोलत होतो.

कारण आमच्या स्टेशन चौकात स्टेशन नाही. काँग्रेस भवन आहे, दादांचा पुतळा आहे, निवडणुका आल्या की सभा आहेत. रूळ म्हणाल तर औषधालाही नाही. जुनं स्टेशन इथून हलून पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण चौकाचं नाव बदलावं असं कुणाला वाटलेलं मला तरी आठवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सदर्न मराठा रेल्वेनं पुण्याहून मिरज, बेळगावकडं मीटर गेजचे, म्हणजे एक मीटर रुंदीचे, रूळ टाकले, तेव्हा सांगली त्या वाटेवर नव्हती. कोल्हापूर संस्थानानं हातपाय हलवून १८९१ साली मिरजेपासून आपल्या गावापर्यंत स्वतःची लाइन नेली. आमच्या सांगली संस्थानाला १९०७ उजाडावं लागलं. आणि लाइन तरी केवढी? मिरज ते सांगली. आजही चहा गार व्हायच्या आत संपणारं अंतर.

पण तो फाटा होता, म्हणजे गाडी इथं येऊन संपायची. आजी सांगायची, "तवा गाडी गावात यायची." या वाक्यातल्या 'गावात'वर तिचा जोर असायचा. पुढं रस्ताच नाही म्हटल्यावर गाडी जणू आमच्यासाठीच आलेली. मुंबईला जायचं तर मात्र हाल होते. मिरजेला एकदा उतरा, मग पुण्याला मीटर गेजमधून ब्रॉड गेजमध्ये चढा. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि कडेवर माझे वडील, एवढं सगळं घेऊन आजीनं पुण्याचा प्लॅटफॉर्म ओलांडलेला. त्यात तांब्या हरवला तो हरवलाच. वडील सापडले, पण ती हळहळायची तांब्यासाठी.

१९७१ साली पुणे, मिरज, कोल्हापूर ही लाइन ब्रॉड गेज झाली. मोठी गाडी नव्या वाटेनं आली, तिच्यासाठी नवं स्टेशन झालं आणि जुना फाटा बंद पडला. मुंबईला थेट जाता येऊ लागलं, ही सोय मोठीच. आजी मात्र नव्या स्टेशनाला शेवटपर्यंत 'तिकडचं टेशन' म्हणायची.

आमच्या प्राथमिक शाळेत घंटा म्हणून रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला होता. वरची कड टोले खाऊन खाऊन आरशासारखी चकचकीत, खाली गंज. शिपाईमामा लोखंडी सळईनं हाणायचे तेव्हा तो स्वतःभोवती अर्धा फिरायचा आणि आवाज फिरत फिरत मैदानभर जायचा. "जुन्या लाइनीचा हाय," असं मामा सांगायचे. त्यांचं सगळंच खरं मानायची सोय नव्हती, कारण शाळेमागच्या विहिरीत मगर आहे असंही तेच सांगायचे. तरी सुट्टीचा टोल पडला की मला वाटायचं, गाडी सुटली.

याच्या बरोब्बर उलटी गोष्ट जवळच, पलूसकडं घडली. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरान जमीन दिली. १९१० साली तिथं कारखाना उभा राहिला, वसाहत झाली आणि पुढं स्टेशनाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. तिथं स्टेशन राहिलं, नाव गेलं. आमच्याकडं स्टेशन गेलं.

आता मिरजेबद्दल बोलायलाच हवं. सांगलीकराला हे जड जातं, कारण आमचं नुसतं स्टेशन आणि त्यांचं जंक्शन. शिवाय एके काळी मिरजेत तिन्ही मापांचे रूळ होते. साडेपाच फुटांचं ब्रॉड गेज, एक मीटरचं मीटर गेज आणि बार्शी लाइट रेल्वेचं अडीच फुटांचं नॅरो गेज. अडीच फूट म्हणजे आमच्या बाहेरच्या खोलीतला दिवाण. तेवढ्या रुंदीवरून ती गाडी माणसं, पोती आणि पंढरीचे वारकरी घेऊन कुर्डुवाडीकडं, पुढं लातूरपर्यंत जायची. मिरजेला ती १९२७ साली पोचली. ती इतकी सावकाश जायची की तिच्यावरचे विनोद तिच्या आधी पोचत असणार.

पुढं तीही वाट रुंद झाली. आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, गाडीचं नाव 'जलदूत'. गेली ती याच वाटेनं. टीव्हीवर वाघिणी बघताना मी "आपल्या कृष्णेचं पाणी" असं जरा मोठ्यानंच म्हणालो. बायको मिरजेची. ती म्हणाली, "गाडी कुठनं सुटली म्हणायची?" मी आवाज कमी केला. टीव्हीचा.

तर भाचा. शेवटी मीच स्कूटर काढून तिकडच्या टेशनाला गेलो. पोरगा बॅगेवर बसलेला, घामाघूम आणि रागावलेला. रिक्षा का केली नाहीस, म्हणून विचारलं.

"केली होती मामा. बसलो आणि म्हटलं, स्टेशनला घ्या. तो म्हणाला, उतरा, आलं."