हिममानवाचा बदललेला पत्ता

आपल्याकडची भुतं पत्त्याला पक्की. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी. पिंपळाखालून गेलाच नाहीत तर मुंजा काही तुमची चौकशी करत घरी येत नाही. रस्ता बदलला की भीती संपली, इतका सरळ व्यवहार.

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या कालप्रवासी डॉक्टरच्या मालिकेने हा व्यवहार मोडला. १९६७ मध्ये त्यांनी हिममानव, म्हणजे यती, पहिल्यांदा आणला तेव्हा तो रीतसर आपल्या जागी होता. गोष्ट १९३५ सालची, तिबेटातल्या मठातली. हिमालय म्हणून दाखवलेले डोंगर वेल्समधले, बर्फ औषधालाही नाही. यतीही गोलमटोल, केसाळ. घाबरावं की पोटावर हात फिरवावा, कळत नाही.

पण प्रेक्षकांना तो आवडला आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परत आला. मालिकेतली राक्षसमंडळी परत येतात तेव्हा बहुधा शिळ्या कढीला ऊत असतो. 'द वेब ऑफ फिअर' या सहा भागांच्या गोष्टीत मात्र लेखकांनी एकच गोष्ट बदलली: पत्ता. यती आता लंडनच्या भुयारी रेल्वेत.

सुरुवातच बघा. एका हौशी संग्राहकाच्या घरात एक यती शोभेला उभा आहे. पहिल्या गोष्टीतल्या प्रोफेसर ट्रॅव्हर्सने तो तिबेटातून आणलेला; हे यती मुळात यंत्रच. म्हातारा ट्रॅव्हर्स विनवतोय, परत दे बाबा, धोका आहे. संग्राहक ऐकत नाही. मग रात्री खिडकीची काच फोडून एक धातूचा गोळा आत येतो, यतीच्या छातीत जाऊन बसतो आणि पुतळा हलतो. पुढे लंडन रिकामं. बोगद्यांत कोळिष्टकासारखी बुरशी पसरत चाललेली, आणि सैन्याचं ठाणं गूज स्ट्रीट स्टेशनच्या पोटात. हे ठिकाण उगाच निवडलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धातलं खोल तळघर तिथे खरोखरच आहे आणि अमेरिकन सेनापती आयझेनहॉवरच्या मुख्यालयाने ते वापरलेलं.

बोगदे मात्र खोटे. रेल्वेशी चित्रीकरणाचं जमलं नाही, म्हणून स्टुडिओत सेट लावले. ते इतके बेमालूम, की परवानगीशिवाय चित्रीकरण केल्याची तक्रार रेल्वेवाल्यांनीच केली, असा किस्सा सांगतात. मी रोज याच भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनने जातो. गाडी बोगद्यात उगाच थांबते, दिवे क्षणभर मिचमिचतात, तेव्हा शेजारचे लोक मोबाइल बघतात. मी खिडकीबाहेर बघतो.

पुढे डॉक्टरची भूमिका करणारे तिसरे नट जॉन पर्टवी म्हणायचे की दूरच्या ग्रहावरच्या राक्षसाचं काय एवढं. घरी यावं आणि लंडनच्या टूटिंग बेकमधल्या आपल्या संडासात यती बसलेला दिसावा, भीती ती. टूटिंग म्हणजे आमचं डोशाला जायचं ठिकाण, त्यामुळे मला हे जरा जास्तच पटतं.

ट्रॅव्हर्सची गंमत वेगळीच. तिबेटातल्या गोष्टीला चाळीस वर्षं लोटलीत, तो जख्ख म्हातारा. डॉक्टरसोबत कालप्रवास करणारी व्हिक्टोरिया होती तशीच. ट्रॅव्हर्सची भूमिका करणारे जॅक वॉटलिंग आणि व्हिक्टोरिया झालेली डेबोरा प्रत्यक्षात बापलेक. मेकअपमधला म्हातारा बाप बघताना तिला काय वाटलं असेल, हा विचार मला यतीपेक्षा जास्त वेळ पुरतो.

बीबीसीने तेव्हाच्या कितीतरी फिती पुसून टाकल्या. या गोष्टीचाही वर्षानुवर्षं फक्त पहिला भाग हाती होता. बाकीच्यांतले चार नायजेरियात जोस शहरी सापडले आणि २०१३ मध्ये लोकांसमोर आले. तिसरा नाही. नेमक्या त्याच भागात डॉक्टर आणि कर्नल लेथब्रिज-स्टुअर्ट पहिल्यांदा भेटतात. हाच कर्नल पुढे ब्रिगेडियर होऊन मालिकेचा लाडका झाला. आता त्या भागाचं अ‍ॅनिमेशन मिळतं, पण माझं मन त्यात रमत नाही. मूळ आवाज शाबूत आहे, तेवढा ऐकतो. यतीची डरकाळी कानात घुमली की अजून काटा येतो. ती डरकाळी ध्वनिविभागाने संडासाच्या फ्लशचा आवाज संथ करून बनवलेली. पर्टवींना हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे.