आज हा माझ्यासोबत आला

लग्नाला चार वर्षं झाली. बाळ व्हावं म्हणून आजवर दवाखान्यात मी एकटीच जायचे. आज पहिल्यांदा हा सोबत आला. मॅडमनी आधी त्यालाच विचारलं, तंबाखू किती? मांडीवर लॅपटॉप किती तास? शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आज सोडलं तरी फरक दिसायला तेवढा वेळ द्या म्हणाल्या. मला रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, तेही दिवस राहण्याआधीपासून. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो, म्हणजे आपल्याला नीट कळायच्याही आत. हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं! "गोड बातमी कधी?" मात्र सगळ्यांनी विचारलं, आणि फक्त मलाच.

येताना तळजाईच्या टेकडीपाशी थांबलो. त्यानं खिशातून चुन्याची डबी काढली. अंगठ्यानं घासून झाकणाचा रंग उडालेला. थोडा वेळ हातात फिरवली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. काही बोलला नाही. मला भरून आलं.

रात्री भाकरी, मेथीची भाजी आणि साडेदहाला दिवे बंद. उद्या सहाला दोघंही टेकडीवर.