शूटिंगवाले

माळ्यावरची पितळी परात काढायला चढलो, तर हाताला लागली व्हिडिओ कॅसेट. धाकट्या मावशीचं लग्न, भाग २. भाग १ कुठे गेला हे घरात कुणालाच माहीत नाही, आणि विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. कॅसेटच्या पाठीवरचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला, आणि मोडलेल्या जागी चिकटपट्टी. ज्यांच्या घरी व्हीसीआर होता त्यांना पुढचं सांगायला नको. मामाने ती चिकटपट्टी लावून पाठवणीवर शारजाची मॅच टेप केली. आजी पदर डोळ्याला लावते न लावते तोच सचिन पुढे सरसावतो. मावशी अजून त्या विषयावर मामाशी बोलत नाही. म्हणजे भेटला की त्याच विषयावर बोलते.

कॅसेट हातात धरून शिडीवरच बसलो आणि शूटिंगवाले आठवले. त्यांना नाव असणार. पण वाळव्याकडच्या आमच्या गावात ते शूटिंगवालेच होते, आणि त्यांच्या घरी गेलं तरी काकू आत वळून म्हणायच्या, "अहो, शूटिंगला आलेत." खांद्यावर पॅनासॉनिकचा एम ३०००, मागे हॅलोजन धरलेलं एक पोरगं, आणि त्या पोराच्या मागे वायर सोडवत चालणारं आणखी एक. उजेड तोंडावर आला की पंगतीतला माणूस चावायचा एकदम थांबतो. गालात जिलबी तशीच, डोळे मिचकावलेले, आणि हात वाढप्याला नको नको करत अर्ध्यावर. गावातल्या सगळ्या प्रतिष्ठित मंडळींचं हे रूप शूटिंगवाल्यांनी टेपवर धरून ठेवलंय.

हेच त्यांचं खरं काम होतं, असं मला हल्ली वाटतं. हार पडताना झूम मारणं कुणीही शिकेल. मांडवात पाऊल टाकलं की ते पहिल्यांदा मुलीच्या आईला गाठायचे. "वैनी, मंगलाष्टकाचं बघतो मी. मुलाचं मामा कोण, ते आधी दाखवा." कॅसेट १८० मिनिटांची, आणि रुसणारी माणसं त्याहून जास्त. एखादी आत्या पंगतीत दिसली नाही तर पुढची दहा वर्षं ते निघणार, हे त्यांना ठाऊक होतं. मग भटजी विधी आटपायला लागले की ते कॅमेरा घेऊन सरळ व्हरांड्याकडे वळत. तिथे म्हाताऱ्या बायका पाय पसरून बसलेल्या असत. ती सावकाश, एकेका चेहऱ्यावर थांबत गेलेली दहा मिनिटं आम्ही मुलं फॉरवर्ड करायचो. आता त्यातली एकही बाई नाही.

कॅमेरा चालवणाऱ्याचा स्वतःचा फोटो कुठेच नसतो, असं हळहळत म्हणायची एक पद्धत आहे. यांचे भरपूर आहेत. वायर सोडवणाऱ्या पोराच्या खांद्यावर कॅमेरा देऊन, खिशातल्या कंगव्याने भांग पाडून, ते प्रत्येक कॅसेटमध्ये एकदा तरी श्रीखंड खाताना दिसतात. तेवढं फुकट हवंच ना, म्हणायचे.

आपल्याकडचे पहिले शूटिंगवाले म्हणजे सावेदादा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत फोटो काढायचा धंदा. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, ती यांनी पाहिली आणि विलायतेहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती लावून ती टिपली. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागे. म्हणजे कुस्ती इकडे निकाली, आणि ती नीट उतरली की नाही हे कळायला बोटीची वाट बघायची. आमच्याकडे कॅसेट मिळायला दिवाळसण उजाडायचा, त्याची मावशीला केवढी तक्रार!

१९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचं स्वागतही सावेदादांनी घेतलं. गणितात पहिला आलेला आपला माणूस, हारतुरे, गर्दी. त्या गर्दीत आपण दिसलो नाही म्हणून कुणीतरी रुसलं असणार याबद्दल मला शंका नाही. पुढे १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला. आणि मग या माणसाने कॅमेरा विकून टाकला आणि बोरीबंदरासमोरचं गेइटी थिएटर चालवायला घेतलं. पैसा त्यातच मिळाला. इतिहासवाल्यांना हे जरा खटकतं. मला नाही खटकत. ऑर्डर येईल तेव्हा काम, हे आयुष्यभर सोसत नाही.

शूटिंगवाल्यांना ते जमलं नाही. पावसाळ्यात मुहूर्त नसले की ते कॅमेरा तांदळाच्या डब्याशेजारी ठेवत, दमट लागू नये म्हणून, आणि कुणाकुणाच्या शेतावर मोटर दुरुस्तीला जात. झेरॉक्सचं मशीन घ्यायचं चाललं होतं, तेवढ्यात डिजिटल कॅमेरे आले आणि झेरॉक्सचे पैसे त्यात गेले. मुलगा पुण्याला गेला. त्याला या धंद्यात यायचं नव्हतं, आणि यांनीही कधी ओढलं नाही.

ते गेले ते ऐन लग्नसराईत, एप्रिलच्या शेवटी. उशाशी वही होती. कुठल्या तारखेला कुठलं कार्यालय, ॲडव्हान्स किती, बाकी किती. आणि प्रत्येक तारखेपुढे मुलाच्या मामाचं नाव. तेरावं झाल्यावर काकू ती वही घेऊन घरोघर गेल्या आणि ॲडव्हान्स परत केले. बहुतेकांनी नको म्हटलं. आमच्या गल्लीतल्या दोघांनी मोजून घेतले.