युरेल पास की बायर्न तिकीट?

युरोपची सहल ठरली की बहुतेक जण आधी युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा पास, काढून मोकळे होतात. माझ्या मते त्याआधी नकाशा घेऊन बसावे. दर दोन दिवसांनी देश बदलणार असेल तर पास सोयीचा खरा, पण फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. याउलट जर्मनीतल्या म्युनिकमध्येच मुक्काम ठेवून फ्युसेन, न्यूरेम्बर्ग किंवा सीमेपलीकडचे, ऑस्ट्रियातले साल्झबुर्ग पाहायचे असेल, तर बायर्न तिकीट, म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचे दिवसभराचे तिकीट, फारच परवडते, कारण एकाच तिकिटावर ५ जणांपर्यंत दिवसभर फिरता येते आणि प्रत्येक वाढीव प्रवाशामागे रक्कम थोडीच वाढते. मात्र ते आयसीई या जर्मनीच्या वेगवान गाडीत चालत नाही आणि कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच लागू होते, हे कुटुंबासह निघणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे.