जप्त केलेले मासे कुठे जातात?

इथे ऑस्ट्रेलियात बेकायदा आणलेले शोभेचे मासे पकडले गेले की बहुतेक वेळा मारूनच टाकतात. आजारी असोत, ठणठणीत असोत. आमच्या रस्त्यावरच्या एका घरातून सरकारी माणसं दोन अरोवाना मासे घेऊन गेली, तेव्हा शेजारणीने हे मला कचऱ्याची गाडी उद्या येणार म्हणावं तितक्या सहज सांगितलं.

आपण गोंयकार. मासा मारणं आपल्याला नवं नाही, पण मारला तो खाल्ला हा आपला हिशेब. पाळलेला, धष्टपुष्ट मासा भुलीच्या औषधाची जास्त मात्रा असलेल्या पाण्यात सोडायचा, निपचित झाला की नष्ट करायचा, हे मला अजून पचत नाही. आणि तरीही मी या नियमाच्या बाजूने आहे. का, तेच लिहायला बसले आहे.

हा आशियाई अरोवाना, लालसर-सोनेरी. ॲमेझॉनकडचा चंदेरी तो वेगळा. याच्या व्यापारावर साइट्स करारात, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, 1975 पासून कडक बंधनं आहेत. मासा घरात लक्ष्मी आणतो या समजुतीपायी चोरटा बाजार फोफावला. (आपल्याकडे 2022 च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कुणाच्या दिवाणखान्यात असेल तर कागद तपासा.)

जप्त केलेल्या जिवंत प्राण्यांसाठी साइट्सने तीन वाटा सांगितल्या आहेत: बंदिवासात सांभाळणं, निसर्गात परत सोडणं किंवा दयामरण. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये असे जीव पुष्कळदा प्राणिसंग्रहालयांना, मत्स्यालयांना देतात. परत का पाठवत नाहीत, हा माझाही पहिला प्रश्न होता. पण पाठवणार कुठे? मासा कुठल्या नदीतला, की शेततळ्यात पैदा झालेला, कुणालाच माहीत नसतं. वाटेत पिशवीत, टाकीत कसले विषाणू लागले तेही बाहेरून दिसत नाही. मूळ नदीत सोडला तर तिथलेच मासे मरायचे.

आणि इथे ठेवला तर? 2003 मध्ये व्हिक्टोरियातल्या एका मत्स्यशेतीत मरे कॉड माशाची पिल्लं पटापट मेली. मरे कॉड म्हणजे इथल्या नद्यांचा राजा. तो विषाणू निघाला शोभेच्या गुरामी माशांत सापडणाऱ्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा. अरोवानाचे सख्खे चुलतभाऊ, साराटोगा, तर इथल्याच उत्तरेकडच्या नद्यांत राहतात. डास कमी करायला 1925 मध्ये आणलेला गॅम्बुशिया मासा आजही देशी मासे आणि बेडकांच्या मुळावर आहे. मरे-डार्लिंग खोऱ्यात काही ठिकाणी माशांच्या एकूण वजनातलं 80 ते 90 टक्के वजन बाहेरून आलेल्या कार्पचं. एवढे चटके बसलेला देश दोन माशांसाठी हळवा होत नाही, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. वन्यजीव तस्करीला इथे 10 वर्षांपर्यंत कैद आहे. तरी लोक आणतातच. 2005 मध्ये इथल्या मेलबर्न विमानतळावर सिंगापूरहून आलेल्या एका बाईच्या स्कर्टखालच्या एप्रनमध्ये 51 जिवंत मासे सापडले होते. पाण्याच्या पिशव्यांतून फडफड ऐकू आली म्हणून पकडली गेली.

ऑफिसात हा विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला, तुमच्याकडे असं काही नसेलच. मला राग आला. 1 जूनपासून 61 दिवस मासेमारीबंदीत आमचे ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात, हे मी त्याला ऐकवलं. 2018 मध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन वापरल्याच्या संशयावरून गोव्याने बाहेरची मासळी अडवली होती, तेही सांगितलं. नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, ज्यांना जेवण जात नाही त्यांनी ते सोसलं. हा त्याग त्याला काय कळणार!

पण त्याच रात्री फोंड्याला फोन केला आणि भाऊ म्हणाला, टाकीतला काच साफ करणारा सकर मासा आता हातभर झालाय, देवळाच्या तळीत सोडतो, पुण्य लागेल. आईचाही पाठिंबा. मी उजनी धरणाचं सांगितलं: हाच मासा तिथे पसरलाय, त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात आणि खायला तो कुणी घेत नाही. तळीतून पावसात ओहोळ, ओहोळातून खांडेपार नदी, पुढे मांडवी. आपला शेवटो, गोव्याचा राज्य मासा, त्याच पाण्यात येतो-जातो. दुकानदाराला परत दे म्हटलं. दुकानदार घेत नाही, म्हणाला.

"मग काय, मी मारू त्याला?"

मी हो म्हटलं. त्यावर आईने फोन स्वतःकडे घेतला आणि तिकडे जाऊन तू अशी कशी झालीस, असं विचारलं. मी तिलाही मरे कॉडचंच सांगत बसले.