लँकेस्टरच्या वाटेवरचे एक आडनाव

न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर पूर्वी स्थलांतरितांची तपासणी करणारे केंद्र होते; तिथल्या कारकुनांना जर्मन नावे उच्चारता येत नसत, म्हणून त्यांनी मनाला येईल तसे काहीतरी लिहून घेतले आणि त्यातून इथल्या लोकांची आजची आडनावे तयार झाली, असे आमच्या सहलीच्या बसमधील मार्गदर्शकाने ध्वनिक्षेपकावरून सांगितले. त्यावर बसमध्ये हशा पिकला. मला मात्र ते ऐकून फार वाईट वाटले, कारण आम्ही पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात होतो आणि या मातीतील जर्मन घराण्यांचा एलिस बेटाशी काडीचाही संबंध नाही. ते केंद्र सुरू झाले १८९२ साली. इथल्या शेतकऱ्यांचे पूर्वज त्याच्या दीडशे वर्षे आधी फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरले होते. शिवाय एलिस बेटावरचे कारकूनसुद्धा नावे नव्याने लिहीत नसत. युरोपातील बंदरात तयार झालेली प्रवाशांची यादी जहाजाबरोबर येई आणि तिच्याशी नावे ताडून पाहणे एवढेच त्यांचे काम असे. ज्या लोकांच्या गावात आपण पाहुणे म्हणून जातो, त्यांच्या घराण्याच्या इतिहासाची अशी थट्टा होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

न्यू जर्सीला मुलीकडे आल्यावर नायगारा, वॉशिंग्टन वगैरे सर्व यथासांग झाले आणि त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. लँकेस्टरला जायचे ठरले ते अमिश लोकांची, म्हणजे आधुनिक साधने शक्यतो टाळून जुन्या रीतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, शेती आणि घोडागाड्या पाहण्यासाठी. बसच्या सहलीत ते सारे काचेआडून पाहिले. शाळेतून घरी निघालेल्या मुलांच्या तोंडासमोर फोन धरणाऱ्या पर्यटकांकडे पाहून मन उबगले. अमिश लोकांना समोर उभे करून काढलेली छायाचित्रे चालत नाहीत हे बसमध्ये चढतानाच सांगितले होते, तरीही कोणी ऐकत नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी जावयांची गाडी घेऊन आम्ही चौघे बर्ड-इन-हँड या गावाच्या पलीकडच्या आडरस्त्यांना लागलो, आणि माझ्या दृष्टीने खरा प्रवास तेव्हा सुरू झाला.

त्या रस्त्यांवर प्रत्येक शेताच्या तोंडाशी खांबावर टपालपेटी असते. पहिल्या पेटीवर ‘स्टोल्ट्झफस’ असे नाव होते. पुढच्या शेतावर तेच, ओढा ओलांडल्यावरही तेच. एका वळणावर तीन पेट्या शेजारी शेजारी होत्या आणि तिन्हींवर हेच आडनाव होते. फरक होता तो फक्त मधल्या अक्षराचा. मधूनच किंग, फिशर, बायलर, लॅप, एश, झूक अशी नावे यायची आणि पुन्हा स्टोल्ट्झफस सुरू व्हायचे. लँकेस्टरच्या अमिश वस्तीत सुमारे चौथा हिस्सा लोक हे एकच आडनाव लावतात. परंतु मुलीने अमेरिकेत इतकी वर्षे काढली, अनेक राज्यांतील लोकांबरोबर काम केले, तरी या आडनावाचा एकही माणूस तिला भेटलेला नव्हता. एवढ्या मोठ्या देशात एका कोपऱ्यात दाट आणि बाकी सर्वत्र विरळ असे हे नाव का असावे, हा प्रश्न तिथेच माझ्या मनात रुतून बसला.

इथली नावे कशी लिहिली गेली हे जाणून घेण्यासाठी फिलाडेल्फियाच्या याद्या समजून घ्याव्या लागतात. जर्मन शेतकऱ्यांचा ओघ वाढू लागला तसे इंग्रज वसाहतीचे सरकार धास्तावले आणि १७२७ पासून जहाजातून उतरणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येक परदेशी पुरुषाला राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागू लागली. जहाजाचा कप्तान एक यादी देई आणि ती बहुधा इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेली असे. शपथेच्या कागदांवर ज्याला लिहिता येई तो जर्मन वळणात स्वतः सही करी. ज्याला येत नसे तो खूण करी आणि नाव कारकून लिही. एकाच माणसाचे नाव एकाच दिवशी दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते ते यामुळे. पुढे शेजारी, पाद्री, जमिनीचे दस्तऐवज लिहिणारा लेखनिक अशा सर्वांनी मिळून त्यात भर घातली.

ज्या नावांना इंग्रजीत तयार जोडीदार होता, ती नावे लवकर नाहीशी झाली. श्मिटचा स्मिथ झाला, म्युलरचा मिलर, कोखचा कुक, श्वार्त्सचा ब्लॅक. याच लँकेस्टर परगण्यात त्सिमरमान घराणे कारपेंटर म्हणून प्रसिद्ध झाले. अमिश लोकांतील किंग हे मूळचे क्योनिग आणि झूक हे मूळचे त्सूग. राष्ट्राध्यक्ष हूवर यांचे पूर्वज हूबर होते. आयझेनहॉवर यांचे पूर्वज १७४१ साली आले ते आयझेनहाउअर म्हणून. राष्ट्राध्यक्षांच्या घराण्याने रूढ केलेले स्पेलिंग जगाला ठाऊक असले, तरी तसे नाव लावणारी माणसे आजही मोजकीच आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर जर्मन नाव हाच गुन्हा ठरू लागला. एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉयमधील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रागर या जर्मन कामगाराला जमावाने फासावर लटकवले. शाळांतून जर्मन भाषा गेली, गावांची व रस्त्यांची नावे बदलली आणि असंख्य कुटुंबांनी आपली आडनावे इंग्रजी करून घेतली. आज साडेचार कोटींच्या आसपास अमेरिकन आपले मूळ जर्मन असल्याचे जनगणनेत सांगतात, पण त्यातल्या कितीतरी घरांच्या दारावरच्या पाटीवरून ते ओळखू येणार नाही. स्टोल्ट्झफस या नावाला असा इंग्रजी जोडीदार मिळाला नाही, आणि ते लावणारे लोक घरात पेन्सिल्व्हेनिया डच ही जर्मनचीच एक बोली बोलत राहिले, आपापसातच विवाह करत राहिले. काही घरांत त्याचे ‘स्टोल्ट्झफूस’ झाले, एवढाच काय तो फेर पडला.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे लिहायला बसले, तो सांगते. एका शेतापुढे घरगुती लोणची, जॅम आणि ‘पाय’ नावाचे सारण भरून भाजलेले पदार्थ विकायला मांडलेले होते. ‘रविवारी विक्री नाही’ अशी हाताने लिहिलेली पाटी होती. टेबलामागे पांढऱ्या टोपीतील एक आजीबाई बसल्या होत्या. मी चाउ-चाउ नावाचे मिश्र भाज्यांचे लोणचे घेतले आणि धीर करून विचारले की, ओळीने तीन पेट्यांवर एकच आडनाव असते, तेव्हा पोस्टमनचा गोंधळ होत नाही का? त्या मोकळेपणाने हसल्या आणि म्हणाल्या, “मधले अक्षर पाहायचे. ते आईचे असते.” लँकेस्टरच्या अमिश लोकांत मुलाच्या नावामध्ये आईच्या माहेरच्या आडनावाचे आद्याक्षर घालण्याची रीत आहे. आई किंग घराण्यातली असेल तर ‘के’, फिशर असेल तर ‘एफ’. तेवढ्यानेही भागले नाही तर धंद्यावरून, आजोबांच्या नावावरून किंवा अंगच्या एखाद्या वैशिष्ट्यावरून टोपणनाव पडते. त्यांनी स्वतःच्या नावातील मधले अक्षर सांगितले आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवून, “ते माझ्या आईचे घराणे, त्या कोठाराच्या पलीकडे,” असे म्हणाल्या.

मग त्यांनी मला विचारले, “तुमच्याकडे मधे काय लिहितात?” मी सांगितले की, आमच्याकडे मुलांच्या नावापुढे वडिलांचे आणि लग्नानंतर बाईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव येते. त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग आईकडचे कुठे राहते?” मला पटकन उत्तर देता आले नाही. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. माहेरचे आडनाव कोकणातील एका लहानशा वाडीवरून पडलेले. वडील गेल्यानंतर आमच्या शाखेत ते लावणारे कोणी उरले नाही. माझ्या मुलींच्या कोणत्याही कागदावर त्यातले एक अक्षरही नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे शासनाने बंधनकारक केले, हे मी त्यांना सांगितले आणि त्यांना ते आवडलेही; पण ते आईचे स्वतःचे नाव, तिच्या माहेरचे आडनाव नव्हे. ज्या समाजाला बाहेरचे लोक जुनाट समजतात, त्या समाजात मुलीच्या माहेराची खूण निदान एक पिढी नावात जपली जाते, ही गोष्ट मला त्या टेबलापाशी उभी असताना अतिशय लागली. आजीबाईंनी पैसे मोजून घेतले, बरणीभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला आणि निघताना म्हणाल्या, “आमचे सगळे एकाच माणसापासून आलेले आहेत. त्याचे घर रेडिंगजवळ आहे. बघून या.”

ते घर वायोमिसिंग येथे, टल्पेहॉकन ओढ्याच्या परिसरात आहे. लँकेस्टरहून २२२ क्रमांकाच्या रस्त्याने तासाभरात तेथे पोहोचता येते. निकोलस स्टोल्ट्झफस यांचे हे दगडी घर अठराव्या शतकातले असून वंशजांनी पैसे व श्रम एकत्र करून ते विकत घेतले आणि दुरुस्त केले. आम्ही आधी विचारून गेलो होतो, त्यामुळे दाखवणारे गृहस्थ वाट पाहत होते, आणि घाई न करता त्यांनी जे सांगितले त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. जवळून धावणाऱ्या वाहनांचा आवाज सतत कानावर येतो आणि त्याचा मला त्रास झाला. परंतु दाराच्या आत गेल्यावर जाड भिंतींमुळे तो एकदम कमी होतो. खिडकीचा कोनाडा इतका खोल होता की त्यात हात ठेवला तर कोपरापर्यंतचा भाग सहज मावत होता.

निकोलस मूळचे अमिश नव्हतेच. ते लुथरन या प्रोटेस्टंट पंथाचे होते आणि जर्मनीत त्स्वाइब्र्युकन या संस्थानात ॲनाबॅप्टिस्ट लोकांच्या, म्हणजे ज्यांच्यातून अमिश निघाले त्या पंथाच्या लोकांच्या, सहवासात शेतीकाम करत होते. प्रौढपणीच बाप्तिस्मा घ्यावा, शस्त्र धरू नये असे मानणाऱ्या या पंथाच्या लोकांना त्या काळी फक्त सहन केले जाई आणि त्यांच्यात सोयरीक करणे सोपे नव्हते. १७४० च्या दशकात निकोलस यांनी त्या पंथातील मुलीशी विवाह करण्यासाठी राज्यकर्त्यांकडे परवानगी मागितली. पुढे १७६६ साली ते कुटुंबासह फिलाडेल्फियाला उतरले आणि अवघ्या आठ वर्षांनी, १७७४ मध्ये वारले. त्यांच्यामागे नाव पुढे नेणारा एकच मुलगा होता, क्रिस्टियन. त्याचा जन्म १७४९ चा. समुद्रप्रवासात रोगराईने माणसे मरत असतानाच्या त्या काळात हा एक मुलगा दगावला असता, तर मी आदल्या दिवशी पाहिलेल्या त्या सर्व पेट्यांवर दुसरीच नावे असती. क्रिस्टियन यांचा दोनदा विवाह झाला, कुटुंब मोठे झाले आणि पुढच्या पिढ्यांत मुलगे भरपूर निपजले.

पुढचे गणित अमिश समाजाच्या वाढीचे आहे. १९०० च्या सुमारास सर्व अमेरिकेत अमिश लोक पाच-सहा हजारच होते. आज ते साडेतीन लाखांहून अधिक आहेत. घरोघरी सहा-सात मुले असतात, त्यांतली बहुतेक मोठेपणी पंथातच राहतात, आणि बाहेरून येऊन अमिश होणारे जवळजवळ नसतातच. त्यामुळे नवे आडनाव आत येत नाही आणि जुनी आडनावे फुगत जातात. याची दुसरी बाजूही आहे आणि ती दुःखाची आहे. सॅम्युएल किंग व त्यांच्या पत्नी १७४४ साली येथे आल्या. त्यांच्यापासून आलेल्या एका जनुकामुळे लँकेस्टरच्या अमिश मुलांत ठेंगणेपणा व हाताला सहावे बोट अशी लक्षणे असलेला एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड हा आजार इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. व्हिक्टर मक्युसिक या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात त्याचा माग काढला, तो घराण्यांच्या तपशीलवार वंशावळी उपलब्ध होत्या म्हणूनच. अशा आनुवंशिक आजारांच्या मुलांसाठी १९८९ साली स्ट्रासबर्गजवळ एक दवाखाना सुरू झाला आणि त्याच्या खर्चासाठी अमिश व त्यांच्याच मुळाच्या मेनोनाइट पंथाचे लोक गोधड्या, लाकडी सामान, घोडागाड्या लिलावात विकून पैसा उभा करतात. आजार आणि त्यावरचा उपाय, दोन्हींच्या कागदांवर तीच मोजकी आडनावे पुनःपुन्हा येतात.

घर दाखवणाऱ्या गृहस्थांना मी विचारले की, जर्मनीत आता हे नाव किती आढळते? तिकडे ते फारच विरळ आहे, असे ते म्हणाले. इथले वंशज त्स्वाइब्र्युकनला जातात, जुने दफ्तर पाहतात, पण नात्यातला माणूस सापडेल या आशेने जात नाहीत. माझ्या यजमानांनी तिथल्या तिथे नकाशा काढला. ते शहर फ्रान्सच्या सीमेलगत, ऱ्हाईनलँड-पॅलॅटिनेट प्रांतात आहे. धाकटी मुलगी सध्या स्टुटगार्टमध्ये असते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्याकडे जाणे आहे, तेव्हा ती वाट करायची असे आम्ही परतीच्या रस्त्यावर गाडीतच नक्की केले.